गणित शिकलेल्या माणसाने पोथ्यांकडे वळावं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी गणितात एम.एस्सी. केलं आहे. आता जुन्या मराठी वाङ्मयावर, विशेषतः पोथ्यांवर काम करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, शिकलेलं सगळं पाण्यात जाईल. मित्र म्हणतात, आता हे सगळं कॉम्प्युटरच करतो, तुला तर सोपंच जाईल. गणित आणि मानव्यविद्या यांचं खरोखर काही नातं आहे का?"

मला तुमच्या घरच्यांचं म्हणणं पटत नाही आणि मित्रांचंही पटत नाही. मी स्वतः गणितात पदव्युत्तर शिक्षण घेऊन या कामात आलो. गेली एकतीस वर्षं पाठचिकित्सा हेच माझं काम आहे. एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती समोर ठेवायच्या, त्यांतले पाठभेद नोंदवायचे आणि मूळ पाठ कोणता असावा हे ठरवायचं.

या नात्याबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा सौंदर्याकडे वळतात. गणितात काव्य आहे, संगीतात गणित आहे, असं म्हणतात. ते खोटं नाही, पण त्याने टेबलावरचं काम पुढे सरकत नाही. मला रोज दिसणारं नातं जास्त जमिनीवरचं आहे. कोणतीही मोजणी करण्याआधी दोन वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी एकच मानायच्या की वेगळ्या, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. ते ठरवायला भाषा, लिपी, लिहिणाऱ्यांच्या सवयी, त्या काळची रूढी हे सगळं माहीत असावं लागतं. एकदा ते ठरलं की त्यातून पुढे काय निघतं आणि किती खात्रीने निघतं, हे गणिताइतकं स्वच्छ दुसरं कोणी सांगत नाही. यातली एक बाजू कच्ची राहिली की दुसरी कितीही पक्की असली तरी निष्कर्ष चुकतो. हे मी पहिल्याच वर्षी शिकलो, आणि चांगलं ठेचाळून शिकलो.

तेव्हा माझ्याकडे एका आख्यानकाव्याच्या अकरा पोथ्यांचं काम होतं. मी सगळ्या पोथ्यांचा मजकूर अक्षरन् अक्षर टाइप करून घेतला, दर दोन पोथ्यांमध्ये किती ठिकाणी फरक पडतो ते मोजलं, आणि त्या अंतरांवरून पोथ्यांचे गट पाडले. तीन स्वच्छ गट पडले. मला वाटलं, पोथ्यांचं कूळ, म्हणजे कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली ते, सापडलं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्क शास्त्री बसत. मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी फरकांची यादी मागितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने एकेक ओळ वाचत गेले. 'ऐसें' आणि 'ऐसे'. 'एक' आणि 'येक'. 'लेखक' आणि 'लेषक'. दहा मिनिटांनी म्हणाले, "अहो, हे तर लिहिणाऱ्यांचं शुद्धलेखन मोजलंत तुम्ही. पोथ्यांचं कूळ यात कुठं आहे?"

त्यांचं खरं होतं. जुन्या लेखनात 'ख'च्या जागी 'ष' सर्रास येतो. अनुस्वार द्यायचा की नाही, ऱ्हस्व की दीर्घ, हे लिहिणाऱ्याच्या हाताच्या सवयीवर असतं. समोरच्या प्रतीत काहीही असो, तो आपल्या सवयीने लिहितो. माझे तीन गट म्हणजे तीन प्रकारच्या सवयी होत्या. माझ्या हिशेबात आकडेमोडीची एकही चूक नव्हती. चूक त्याआधी झाली होती. जे एकच मानायला हवं होतं ते मी वेगळं मानलं होतं.

मग शास्त्रीबुवांनी मला त्या पोथ्यांमधली एक जागा दाखवली. कासवी नुसत्या नजरेने पिलांना वाढवते, ही कल्पना आपल्या संतकाव्यात वारंवार येते. नऊ पोथ्यांत तिथे 'कासवी' होतं. दोन पोथ्यांत 'कासाविस' असं झालं होतं, आणि ओवीचा अर्थच लागत नव्हता. माझ्या तक्त्यात या दोन पोथ्या एकमेकींपासून लांब पडल्या होत्या, कारण त्यांच्या लेखकांचं, म्हणजे त्या उतरवून काढणाऱ्यांचं, शुद्धलेखन वेगळं होतं. पण ही चूक दोघांनी आपापल्या मनाने, एकाच शब्दावर, एकाच तऱ्हेने करणं जवळपास अशक्य. दोघांपुढे तीच चूक असलेली प्रत होती, असंच मानावं लागतं.

मी उत्साहाने दुसरी जागा दाखवली: तीन पोथ्यांत एक पूर्ण ओवी गायब होती. त्यावर ते म्हणाले, "ही सोडा. गळलेली ओवी आणि तिच्या आधीची ओवी, दोन्ही एकाच शब्दावर संपतात. इथं कुणाचीही नजर घसरेल." म्हणजे मी ज्याला भक्कम पुरावा समजत होतो तो पोकळ होता, आणि एका शब्दाची बारीकशी चूक मात्र वजनदार होती.

आता हे गणिताच्या भाषेत ठेवून पाहा. दोन लेखक एकमेकांशी संबंध नसताना तीच चूक करतील, याची शक्यता किती? ती जितकी कमी तितकं त्या सामाईक चुकीचं वजन जास्त. शास्त्रीबुवा संभाव्यता हा शब्द कधी वापरत नव्हते, पण ते रोज तेच तोलत होते. मी संभाव्यतेच्या परीक्षेत चांगले गुण मिळवले होते, पण कोणती चूक सहज होते आणि कोणती होत नाही, हे मला माहीत नव्हतं. पुढचे काही महिने मी हजारो फरकांतून चाळत चाळत दीडशेच्या आसपास फरक बाजूला काढले. त्यांवरून पोथ्यांचं जे झाड उभं राहिलं ते पहिल्या गटांपेक्षा पार निराळं होतं.

झाड हा शब्द मी सहज वापरला, पण त्यात किती गणित आहे तेही सांगतो. प्रत्येक फाट्यावर दोनच फांद्या फुटतात आणि आपल्या हाती आलेल्या पोथ्या टोकांवर आहेत असं धरलं, तर तीन पोथ्यांची ३ वेगवेगळी झाडं होऊ शकतात. चार पोथ्यांची १५, पाचांची १०५. दहा पोथ्यांसाठी हा आकडा ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५ होतो. ही सगळी झाडं कोणी माणूस तपासू शकत नाही. इथे यंत्राचा आणि गणिताचा खरा उपयोग आहे. जीवांची वंशावळ काढणाऱ्या शास्त्रज्ञांनाही हाच पेच पडतो, कारण डीएनएची नक्कल होताना चुका होतात आणि त्या पुढच्या पिढ्यांत उतरतात. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या जीवरसायनशास्त्रज्ञांनी आणि मध्ययुगीन इंग्रजीच्या अभ्यासकांनी मिळून चॉसर या जुन्या इंग्रज कवीच्या काव्यातल्या एका भागाच्या पंधराव्या शतकातल्या ५८ प्रतींवर जीवशास्त्रातल्याच पद्धती लावून पाहिल्या. गणिताच्या लोकांनी हे काम एकट्याने केलं असतं तर त्यांचंही माझ्यासारखंच झालं असतं.

आपल्याकडे हे नातं फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर जमलं होतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९२५ मध्ये तिचे प्रमुख संपादक म्हणून विष्णु सीताराम सुकथनकर आले. ते केंब्रिजला गणित शिकले होते, आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृत आणि भाषाशास्त्राकडे वळले. तुमच्या घरच्यांना हे जरूर सांगा. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झालं तेव्हा त्यांनी त्याला जी प्रस्तावना जोडली, ती मी गणिताच्या विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो. शारदा, बंगाली, नेवारी, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या त्यांच्यापुढे होत्या. बहुमत कुणाकडे आहे, हे पाहून त्यांनी पाठ ठरवले नाहीत. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकाच पाठावर येत असतील, तर त्यांचा एकमेकींशी संपर्क येण्याची शक्यता सर्वांत कमी, म्हणून तो पाठ जुना. उलट, एकाच भागात एकमेकींवरून उतरवलेल्या पन्नास पोथ्या एकच गोष्ट सांगत असल्या तरी ती साक्ष एकाचीच. स्वतंत्र साक्षी म्हणजे काय, हे इतक्या कसून पाळलेलं मी गणिताच्या पुस्तकांतही क्वचितच पाहिलं आहे.

याच शिस्तीमुळे, व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो हा प्रसंग आदिपर्वाच्या मुख्य पाठातून निघून परिशिष्टात गेला. गणपतीच्या पुण्यात बसून हा निर्णय घेतला गेला, आणि तो पुराव्याने घेतला गेला. आजही कुणाला हे सांगितलं की चेहरा पडतो. मी सांगतो, प्रसंग खोटा ठरवलेला नाही, तो कुठेही हरवलेला नाही. तो ग्रंथात उशिरा आला, एवढंच पोथ्या सांगतात. सुकथनकर १९४३ मध्ये गेले. सगळी पर्वं पूर्ण व्हायला १९६६ उजाडलं.

झाडाची कल्पना सगळीकडे चालत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी एकनाथांनी अनेक प्रती जमवून तिचं शुद्धीकरण केलं. लिहिणाऱ्याने एकाहून जास्त प्रती पुढे ठेवल्या की फांद्या एकमेकींत मिसळतात. मग त्याला झाड म्हणता येत नाही, जाळं होतं. शिवाय एकनाथांची प्रत इतकी आदरणीय ठरली की पुढच्या परंपरेचा मोठा प्रवाह तिच्यातूनच आला. अशा ग्रंथाला झाड काढणारी संगणक प्रणाली लावली तर ती बिनतक्रार झाड काढून देईल. ते झाड खोटं आहे, हे ओळखायला एकनाथांनी काय केलं ते माहीत असावं लागतं.

एकनाथांच्या या कामाचा काळ परंपरेने शके पंधराशे साहोत्तरी (म्हणजे १५०६), तारण नाम संवत्सर असा नोंदला आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण फळ्यावर सोडवायला देतो. आपल्याकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, आणि बाकी उरेल तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजायचा. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८. ६० ने भागल्यावर बाकी १८. प्रभव, विभव, शुक्ल असं मोजत गेलं की अठरावा येतो तारण. जुळलं. आता समजा कुणी 'साहोत्तरी' शब्द चुकून साठ असा वाचला. मग १५६० अधिक १२, म्हणजे १५७२, बाकी १२, आणि बारावा संवत्सर बहुधान्य. जुळत नाही. नुसत्या नशिबाने संवत्सर जुळण्याची शक्यता साठात एक. वार जुळण्याची मात्र सातात एक, म्हणून नुसता वार जुळला म्हणून मी कधी खूश होत नाही. आणि मागाहून बनावट पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटची नोंद, लिहिणाऱ्यालाही हाच हिशेब करता येत होता. म्हणून कागद, शाई, अक्षराचं वळण हे सगळं पाहिल्याशिवाय मी तारखेवर सही करत नाही.

मानव्यविद्यांनी गणिताकडून फक्त घेतलं, असंही नाही. छंदःशास्त्राकडे पाहा. शाळेत आपण सगळे 'यमाताराजभानसलगा' घोकतो. या दहा अक्षरांतली कोणतीही सलग तीन उचला: यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. आठही गण एकेकदा येतात, एकही दोनदा येत नाही. तीन जागा, प्रत्येक जागी लघु किंवा गुरू, म्हणून दोनाचा घन, आठ. शिवाय शेवटची दोन अक्षरं पहिल्या दोनांसारखीच लघु-गुरू आहेत, म्हणून माळेसारखी गोल ओवली तर आठच अक्षरं पुरतात. अशा क्रमांना गणितात आज डी ब्रुइन क्रम म्हणतात आणि त्यांचा स्वतंत्र अभ्यास होतो.

मात्रावृत्तांतून तर त्याहून मोठी गोष्ट निघाली. लघु एक मात्रा, गुरू दोन. मग चार मात्रांच्या ओळीत लघु-गुरू किती तऱ्हांनी बसतील? वहीत मांडून बघा, पाच निघतील. पाच मात्रांच्या आठ, सहांच्या तेरा. ओळीचं शेवटचं अक्षर एकतर लघु असतं, मग त्याच्या आधी एक मात्रा कमी असलेली ओळ उरते. किंवा ते गुरू असतं, मग दोन मात्रा कमी असलेली ओळ उरते. म्हणून प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज. हा नियम छंदःशास्त्रकार विरहाङ्काने सांगितला आहे, आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानेही. पिसाच्या लिओनार्दोने सशांच्या जोड्या मोजत तीच संख्यामालिका १२०२ मध्ये मांडली. जग ती त्याच्या फिबोनाची या नावाने ओळखतं. आपल्याकडे ती कवितेची ओळ मोजताना सापडली, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण इथेही मोजणीच्या आधीचं पाऊल विसरू नका. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू, हा नियम. 'सत्य'मधला 'स' गुरू. मग 'तुम्ही'मधला 'तु'? लिहिताना तिथेही जोडाक्षर आहे, पण मराठी तोंडात 'तु'वर आघात पडत नाही, म्हणून तो लघुच. 'कुऱ्हाड'मधल्या 'कु'चंही तसंच. 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयातात आहेत, चार 'य' गण, बारा अक्षरं. लिपी पाहून लघु-गुरू ठरवणारी प्रणाली मी एकदा विद्यार्थ्यांकडून जुन्या मराठी श्लोकांवर चालवून घेतली. जिथे जिथे तिने वृत्तभंग दाखवला, तिथल्या बऱ्याच ठिकाणी वृत्त अगदी शाबूत होतं. एका विद्यार्थिनीने त्या ओळी मोठ्याने म्हणून दाखवल्या आणि प्रश्न मिटला. ती घरी लहानपणापासून श्लोक म्हणत आली होती. हे ज्ञान तिच्या कानात होतं. आम्ही तो नियम प्रणालीत घातला, आणि मग जे थोडे वृत्तभंग उरले ते खरोखर पाहण्यासारखे निघाले. काही ठिकाणी नकलताना शब्द बदललेला होता.

रशियातला गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह तुम्हाला अभ्यासक्रमात भेटला असेलच. त्याच्या साखळ्यांचं पहिलं गाजलेलं उदाहरण पुश्किनच्या काव्यातून आलं, हे मात्र वर्गात क्वचित सांगतात. १९१३ मध्ये त्याने 'येवगेनी अन्येगिन'मधली सुरुवातीची २०,००० अक्षरं घेऊन स्वर आणि व्यंजनं हाताने मोजली. ८,६३८ स्वर, ११,३६२ व्यंजनं. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचं प्रमाण शंभरात तेराच्या आसपास, व्यंजनानंतर स्वर येण्याचं शंभरात सहासष्ट. पुढची घटना आधीच्या घटनेवर अवलंबून असली तरी सरासरीचे नियम टिकतात, हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्यासाठी त्याने कविता निवडली.

आता ज्या माणसाचं काम मला सर्वांत जवळचं वाटतं त्याच्याकडे येतो. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे मोठे अभ्यासक. दामोदर हार्वर्डला शिकले, परत आल्यावर काही वर्षांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. तिथे असताना त्यांनी आहत नाण्यांचा प्रश्न हाती घेतला. आहत नाणी म्हणजे चांदीचे छोटे तुकडे, दर्शनी बाजूला ठशांनी उमटवलेली पाच चिन्हं, मागच्या बाजूला कधी एक, कधी अनेक बारीक खुणा, कधी काहीच नाही. राजाचं नाव नाही, सन नाही. मूळ वजन ३२ गुंजांचं, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या जवळपास.

तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ मध्ये अशा हजाराहून जास्त नाण्यांचा साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडरची दोन आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या फिलिप अरिडेयसचं एक नाणं होतं, जवळजवळ कोरी करकरीत. म्हणजे साठा केव्हा पुरला गेला, त्याचा अंदाज होता. पण आतल्या नाण्यांत आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे कळत नव्हतं. कोसंबींनी विचार केला तो असा. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकाच वेळी पाडलेली नाणी सुरुवातीला जवळपास सारख्या वजनाची असतात. मग काही जास्त फिरतात, काही कमी. म्हणून काळ जाईल तशी सरासरी खाली येते आणि वजनांतला फरक पसरत जातो. नाणं पुरलं गेलं की झीज थांबते. साठा म्हणजे त्या दिवशीच्या बाजाराचं गोठलेलं चित्र.

हे नुसतं तर्काने मानून ते थांबले नाहीत. त्यांच्या काळात चलनात असलेली हजारो नाणी त्यांनी स्वतः तराजूवर तोलली. त्या नाण्यांवर सन छापलेला होता, त्यामुळे किती वर्षांत किती झीज होते हे पडताळता आलं. एकेक नाणं उचलायचं, पुसायचं, पारड्यात ठेवायचं, आकडा लिहायचा. नव्याने येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला मी हे सांगतो, कारण मानव्यविद्येत गणित आणायचं म्हणजे सूत्र आणायचं असं त्यांना वाटत असतं. कोसंबींनी सूत्राबरोबर तराजूही आणला.

मग त्यांनी तक्षशिलेची नाणी मागच्या बाजूच्या खुणांच्या संख्येनुसार लावली. खुणा वाढतात तसं सरासरी वजन उतरतं, असं दिसलं. म्हणजे त्या खुणा नाणं चलनात असताना ठरावीक काळाने पारखणाऱ्यांनी उमटवलेल्या असाव्यात. मुक्या चांदीतून व्यापाऱ्यांच्या तपासणीची एक पद्धत बोलकी झाली. पण हे गट पाडायला आधी चिन्हं ओळखावी लागतात. झिजलेल्या कडेवर अर्धवट उमटलेला ठसा तो षडर (सहा आऱ्यांचं चिन्ह) आहे की सूर्य, टेकडी आहे की आणखी काही, हे डोळ्यांनी ठरवल्याशिवाय कोणतं नाणं कोणत्या रकान्यात जाईल हे सांगता येत नाही. या चिन्हांना त्यांनी पुराणांतल्या राजांची जी नावं जोडली, ती पुढच्या अभ्यासकांनी सगळी मान्य केली नाहीत. माझ्या मते तिथे पुरावा तितका भार पेलत नव्हता. झिजेचा हिशेब मात्र भक्कम होता आणि तो टिकला.

त्याच माणसाने १९४८ मध्ये भर्तृहरीच्या शतकांची, म्हणजे शंभर-शंभर श्लोकांच्या तीन संग्रहांची, चिकित्सक आवृत्ती काढली. तीनशेहून जास्त पोथ्या पाहिल्या. जवळपास सगळ्या परंपरांत सापडणारे श्लोक एका गटात, शंकास्पद दुसऱ्या गटात, इकडून तिकडून शिरलेले तिसऱ्या गटात, अशी मांडणी केली. पहिल्या गटात दोनशे श्लोक राहिले. आपण ज्याला तीन शतकं म्हणतो त्यात खात्रीचे इतकेच.

तुमच्या प्रश्नाकडे परत येतो. तुमचं गणित वाया जाणार नाही, पण ते तुम्हाला सवलतही देणार नाही. सुरुवातीची दोन वर्षं तरी तुम्ही आमच्याकडच्या सामान्य विद्यार्थ्याच्या मागे असाल, कारण जुनी मराठी, थोडं संस्कृत आणि मोडी यांना वगळून चालत नाही. ती दोन वर्षं जीवावर येतील. गणितात उत्तर बरोबर आलं की कळतं, इथे महिनोन्महिने कळत नाही. माझ्या ओळखीचे दोन हुशार गणितवाले याच टप्प्यावर परत गेले, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण कोणता पुरावा स्वतंत्र आणि कोणता एकाचाच पडसाद, ही त्यांची नजर आम्हाला हवी होती. उलट, मराठीचे कितीतरी चांगले विद्यार्थी आकड्यांना घाबरून असल्या कामापासून दूर राहतात. दहावीत कुणीतरी त्यांना "तुझं गणित कच्चं, तू कला शाखेला जा" असं सांगितलेलं असतं. शाखा निवडताना मुलांना असं वाटून टाकणं ही आपल्याकडची फार महागात पडलेली सवय आहे.

प्रणाली शिकायची घाई करू नका, ती तुम्हाला आठवडाभरात जमेल. जवळच्या हस्तलिखित संग्रहात जा आणि एखाद्या लहान काव्याच्या तीन प्रती मागा. छायाचित्रांवर भागवू नका, पहिल्या खेपेला कागद हातात घ्या. काही ओळींवर पिवळा लेप दिसेल. तो हरताळ. लेखकाला आपली चूक कळली की तो तिच्यावर हरताळ लावून वर नवीन अक्षर लिहायचा. 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. पान उजेडासमोर तिरपं धरलं तर खालचं जुनं अक्षर कधी कधी वाचता येतं. लेखकाच्या पुढ्यातल्या प्रतीत काय होतं, किंवा त्याचा हात सवयीने कुठे गेला होता, हे तिथे दिसतं.

मग पहिल्या शंभर ओव्यांचे पाठभेद हाताने वहीत उतरवा. पदं सलग लिहिलेली असतील, शब्द कुठे तुटतो हे तुम्हालाच ठरवावं लागेल. प्रत्येक भेदापुढे एक रकाना ठेवा आणि त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हा बदल दोन लेखकांकडून आपोआप, वेगवेगळा होऊ शकला असता का? हो, नाही, किंवा सांगता येत नाही. सुरुवातीला तिसरं उत्तर सगळ्यांत जास्त वेळा येईल. ते खोडू नका. शेजारी कुणी जाणतं माणूस बसत असेल तर त्याला विचारा, नसेल तर तारीख घालून ठेवा आणि आणखी पाचसहा पोथ्या वाचून झाल्यावर तोच रकाना पुन्हा भरा. दोन्ही वेळच्या उत्तरांत फरक पडलेला दिसला, की वही घेऊन माझ्याकडे या. झाड काढायला आपण तेव्हा बसू.